आडमुठे बंधक आणि घरघडणीची हत्यारे

मोटारीची प्रज्वलन-यंत्रणा आकाराने लहान, परंतु वागणुकीने अत्यंत काटेकोर असते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून निघालेला प्रवाह चावीच्या स्विचमधून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात जातो. डिस्ट्रिब्यूटरमधील संपर्कबिंदू हा प्रवाह ठरलेल्या क्षणी तोडतात. तो तुटताच दुय्यम वेटोळ्यात पंधरा ते वीस हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर अशा ठिणग्या सेकंदाला शंभर पडतात. संपर्कबिंदू पूर्ण उघडले असता त्यांच्यातील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर इतके असावे लागते. हे अंतर ज्या स्क्रूने कायम ठेवावयाचे, तो स्क्रू मात्र करंगळीच्या नखावर सहज मावेल एवढा असतो.

या प्रकरणाचा विषय ठिणगी हा नसून तो स्क्रू आणि त्याचे भाऊबंद हा आहे. स्क्रू, नट, बोल्ट, खाचांच्या कड्या, दाबखुंट्या अशा ज्या ज्या वस्तू यंत्राचे दोन भाग एकत्र धरून ठेवतात, त्या सर्वांना आपण येथे ‘बंधक’ म्हणू. दुरुस्तीचे पुष्कळसे अपयश विजेच्या अज्ञानातून येत नाही. बंधक सुटत नाही, किंवा तो सोडविताना भोवतालचा भाग फुटतो, येथेच काम अडते. नेहमीचा षट्कोनी नट असेल तर पाना लावला की प्रश्न मिटतो. परंतु प्रज्वलनाच्या भागांत, विशेषतः चावीच्या कुलपात, बंधकांची डोकी मुद्दाम आडमुठी केलेली असतात. काही ठिकाणी हेतू शोभेचा असतो, काही ठिकाणी चोरास अटकाव करण्याचा, आणि काही ठिकाणी तर कारखानदाराच्या देशातील जुन्या सवयीपलीकडे कोणतेही कारण सापडत नाही.

या विद्येचा अभ्यास करावयास चेन्नईतील जॉर्ज टाउन हे ठिकाण फार सोयीचे आहे. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस वसलेल्या या वस्तीला पूर्वी ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. १९११ साली पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने तिला आजचे नाव मिळाले. तंबू चेट्टी, लिंगी चेट्टी अशा जुन्या व्यापाऱ्यांची नावे तेथील रस्त्यांनी अजून धारण केली आहेत. पॉपहॅम नावाच्या वकिलाने अठराव्या शतकाच्या अखेरीस आखलेला ब्रॉडवे आता प्रकाशम् सालई म्हणून ओळखला जातो. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत हार्डवेअर, हत्यारे, बेअरिंगे, तारा, नळ आणि पोलादी पट्ट्या यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. पश्चिमेच्या बाजूस, सेंट्रल स्टेशनाशेजारी, मूर मार्केट होते. १९८५ च्या आगीत ते जळून जाईपर्यंत जुन्या पुस्तकांबरोबर जुनी हत्यारेही तेथे मिळत. पूर्वेस समुद्राच्या अंगाला बर्मा बाजार आहे. ब्रह्मदेशातून परत यावे लागलेल्या तमिळ कुटुंबांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो वसविला आणि परदेशी वस्तूंची आवड असणाऱ्यांचे ते तीर्थक्षेत्र बनले. मोडीत निघालेल्या मोटारींचे सुटे अवयव हवे असतील तर एगमोरजवळच्या पुदुपेट्टैपर्यंत जावे लागते, पण ते अंतरही फार नाही.

मद्रासचे मोटारीशी नाते जुने आहे. माउंट रोडवरील सिम्पसन कंपनीच्या कर्मशाळेत सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार तयार केली होती. पुढे १९६१ पासून शहराबाहेर वंडलूर येथे स्टँडर्ड हेराल्ड ही गाडी बनू लागली. पाडी येथे लुकास-टीव्हीएस कंपनीचे डिस्ट्रिब्यूटर, कॉइल आणि स्टार्टर निघू लागले, तर त्याच पाडीत १९६६ पासून सुंदरम् फासनर्स कंपनीने उच्च ताणाचे बोल्ट तयार करण्यास आरंभ केला. ज्या शहरात बंधकांचा कारखाना उभा राहिला, त्याच शहराच्या जुन्या पेठेत बंधक सोडविण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली, हा योगायोग खचितच गमतीचा आहे.

मराठी वाचकास येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचे मंदिर आहे. दक्षिण-दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, शिवाजी महाराजांनी येथे येऊन दर्शन घेतले, अशी परंपरा आहे. हे मंदिर विश्वकर्मा समाजाचे, म्हणजे लोहार, सुतार, तांबट, सोनार आणि पाथरवट यांचे आहे. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. तमिळ प्रदेशात त्याच दिवशी आयुधपूजा असते, आणि त्या दिवशी पाने-हातोड्यांना हळदकुंकू लागते. भाषेतही धागे जुळलेले आहेत. आपण ज्याला मिस्त्री म्हणतो त्याला तमिळमध्ये मेस्तिरी म्हणतात. आपली चावी तमिळमध्येही सावी आहे. दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी आणले आणि दोन्ही किनाऱ्यांवर ते रुजले. तेव्हा मोटारीची चावी अडली असता मेस्तिरीकडे जाणाऱ्या मराठी माणसाला दुभाष्याची फारशी गरज पडू नये.

आटे ओळखणे

हत्यार घडविण्यापूर्वी बंधक ओळखावा लागतो. या देशातील मोटार-कारागिराची खरी अडचण अशी होती की, त्याच्या एकाच बाकावर चार निरनिराळ्या मापपद्धती येऊन पडत. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण सुचविले. त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचा ‘एकीकृत’ आटा स्वीकारला, आणि अँबॅसडर व हेराल्ड यांसारख्या गाड्यांचे बहुतेक बोल्ट या पद्धतीचे असत. फियाट ही इटालियन वंशाची, म्हणून तिचे सर्व काही मिलिमीटरमध्ये. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, लुकास पद्धतीच्या विद्युत-भागांतील बारीक स्क्रू बी.ए. या चौथ्याच पद्धतीचे.

बी.ए. म्हणजे विज्ञानवृद्धीसाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशनने १८८४ साली पुरस्कृत केलेली, मूळ स्विस घड्याळजींच्या परंपरेतून आलेली मालिका. तिचे गणित मोठे मनोहर आहे. शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा व्यास सहा मिलिमीटर आणि एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर एक मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक क्रमांकाला हे अंतर आधीच्या नऊ-दशांश होते. म्हणून दोन क्रमांकाच्या स्क्रूला ते ०.८१ मिलिमीटर व व्यास ४.७ मिलिमीटर. कोन मात्र ४७.५ अंशांचा. क्रमांक वाढत जातो तसा स्क्रू बारीक होत जातो, हे नवख्याला उलटे वाटते.

या आकड्यांमध्ये एक धोका दडलेला आहे. शून्य बी.ए. आणि सहा मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू यांचा व्यास एकच, आट्यांचे अंतरही एकच. फरक काय तो कोनाचा. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर कधी कधी चढतो, आणि कारागीर समाधान पावतो. वस्तुतः आट्यांच्या बाजू एकमेकींवर नीट टेकलेल्या नसतात. काही दिवसांच्या कंपनाने असा नट ढिला होतो किंवा आटे खाऊन टाकतो. दोन बी.ए.च्या जागी पाच मिलिमीटरचा स्क्रू दडपणे हे तर त्याहून वाईट. आट्यांचे अंतर जवळजवळ सारखे असल्यामुळे तो आत शिरतो खरा, परंतु शिरताना मऊ धातूतील भोक कायमचे मोठे करून ठेवतो. स्क्रू बोटांनी तीन-चार फेरे सहज फिरला नाही तर तो त्या भोकाचा नव्हे, असे समजावे आणि तेथेच थांबावे.

नटाच्या डोक्याची रुंदी ही आणखी एक कटकट. दोन बी.ए.च्या नटाची समोरासमोरची रुंदी ८.२३ मिलिमीटर असते. त्यामुळे आठचा पाना त्यावर बसतच नाही आणि नऊचा घसरतो. येथे उपाय सोपा आहे. आठचा एक जुना पाना घ्यावा, त्याचा जबडा बारीक कानशीने दोन्ही बाजूंनी सारखा घासून एकूण पाव मिलिमीटर वाढवावा आणि दांड्यावर रंगाची खूण करावी, म्हणजे तो पुन्हा आठच्या नटाला लावला जाणार नाही. चार बी.ए.चा नट ६.३ मिलिमीटरचा असल्याने त्यास पाव इंची पाना चालतो. अर्ध्या इंचाच्या नटावर, म्हणजे १२.७ मिलिमीटरवर, तेराचा पाना लावण्याची पाळी आलीच, तर मधल्या पोकळीत डब्याच्या पत्र्याची पट्टी सारावी. ही पट्टी नटाच्या ज्या बाजूवर पान्याचा दाब येतो तेथे हवी. उलट बाजूस घातल्यास तिचा उपयोग निम्माही होत नाही.

खाचांची कडी

आता आपण चावीच्या स्विचकडे वळू. हेराल्ड, अँबॅसडर आणि त्यांच्या काळच्या अनेक गाड्यांत हा स्विच समोरच्या फळीवर बसविलेला असे. त्याला पुढून धरून ठेवणारी एक चकचकीत गोल कडी असते. तिला षट्कोन नसतो, तर समोरासमोर दोन किंवा चार लहान खाचा असतात. हिच्यासाठी वेगळे हत्यार असते, पण ते कारखान्याच्या अधिकृत कर्मशाळेबाहेर क्वचितच कोणी पाहिले असेल. म्हणून सर्वत्र रूढ झालेली रीत म्हणजे खाचेत स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीवर हातोडी मारणे. जुन्या गाड्यांच्या कड्या न्याहाळल्या तर या रीतीचे व्रण जवळजवळ प्रत्येकीवर दिसतात. कडी ओरखडते, खाच रुंदावते, आणि हात घसरला तर फळीचा रंग उडतो. चौथ्या-पाचव्या वेळेस खाचच उरत नाही.

त्यापेक्षा तासाभराच्या श्रमाने योग्य हत्यार घडविता येते. प्रथम बॅटरीची चेसिसला जोडलेली तार काढावी. पाना चुकून लोखंडाला टेकला तरी मंडल पूर्ण होऊ नये, यासाठी ती आधी काढतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत कित्येकदा बॅटरीचे धन टोक चेसिसला असते. म्हणून नुसत्या चिन्हावर विसंबू नये, तार कोठे जाते ते डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर कडीवर पातळ कागद दाबून धरून त्यावर पेन्सिल आडवी घासावी. लहानपणी नाण्याचा छाप काढण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळलेला असतो, तीच ही युक्ती. कडीचा आतला व बाहेरचा व्यास, खाचांची रुंदी आणि त्यांच्यातील अंतर हे सर्व कागदावर उमटते. खाचेची खोली मात्र काडीने वेगळी मोजावी लागते.

आता नळीचा तुकडा हवा. तिचा आतला व्यास चावीच्या नळकांड्यावरून अलगद जाईल एवढा असावा आणि भिंतीची जाडी कडीच्या रुंदीइतकी असावी. जॉर्ज टाउनमधील दुकानदार नळीचा वीतभर तुकडाही कापून देतात, ही त्या पेठेची मोठी सोय. स्पार्क प्लगचा जुना नळीपानाही कधी कधी नेमक्या मापाचा निघतो. कागदावरील छाप नळीच्या तोंडाला चिकटवावा, खाचांच्या जागी दात शिल्लक ठेवून बाकीचा काठ हॅक्सॉने व कानशीने उतरवावा. दातांच्या बाजू सरळ उभ्या असाव्यात. त्या किंचितही उतरत्या राहिल्या तर जोर लावताच हत्यार खाचेतून वर उचलले जाते. दाताची लांबी खाचेच्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवावी, नाहीतर दात फळीला खरवडतो. नळीच्या दुसऱ्या टोकास आरपार भोक पाडून त्यातून एक सळई घालावी, की मूठ तयार झाली.

हे हत्यार साध्या मऊ लोखंडाचे चालते, कारण या कडीला फार जोर लागत नाही. लावताना डाव्या हाताने फळीमागून स्विचचे अंग धरून ठेवावे, नाहीतर कडीबरोबर तोही फिरतो आणि मागच्या तारा पिळवटतात.

पुष्कळ स्विचांत कुलपाचे नळकांडे एका बारीक दाबखुंटीने अडकविलेले असते. बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे भोक दिसते. चावी घालून ती विशिष्ट स्थितीत फिरवावी आणि भोकातून खुंटी दाबावी, म्हणजे नळकांडे हातात येते. या कामाला सायकलचा दोन मिलिमीटरचा आरा किंवा छत्रीची काडी उत्तम. छत्रीची काडी स्प्रिंगच्या पोलादाची असल्याने वाकत नाही. तिचे टोक सपाट घासावे. अणकुचीदार टोक खुंटीवरून निसटते.

पाकळ्या, खुंट्या आणि पाणी

सपाट खाचेचा स्क्रू जगभर चालत आला असता मोटारीच्या कारखान्यांनी नवी डोकी का काढली, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर जुळणीच्या पट्ट्यावर आहे. यंत्राने फिरणारे टोक सपाट खाचेतून बाजूला सटकते. म्हणून १९३० च्या दशकात अमेरिकेत फिलिप्स यांच्या नावाचे फुलीचे डोके प्रचारात आले. १९६७ साली टॉर्क्स हे सहा पाकळ्यांचे डोके आले. त्यात जोर अधिक समान वाटला जातो. पुढे त्याच्या मध्यभागी एक खुंटी उभी करण्यात आली, जेणेकरून साधे हत्यार आत शिरू नये. अशी खुंटीची डोकी परदेशी बनावटीच्या मोटारींत स्विचच्या पेटीवर किंवा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन-एककावर आढळतात.

आज अशा टोकांचे संच ब्रॉडवेवर कोणत्याही दुकानात मांडलेले दिसतात. जे विकत मिळते ते घडवीत बसणे ही कारागिरी नव्हे, तो वेळेचा अपव्यय आहे. परंतु गाडी रस्त्यात उभी असेल, किंवा स्क्रू इतक्या खोल अरुंद जागी असेल की विकतचे टोक तेथे पोहोचतच नाही, तेव्हा एक जुनी तोड उपयोगी पडते. पाकळ्यांच्या समोरासमोरच्या दोन टोकांत नीट बसेल एवढ्या रुंदीचा सपाट स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि त्याच्या पात्याच्या मध्यभागी खुंटीहून किंचित रुंद व किंचित खोल अशी खाच घासावी. पाते खुंटीच्या दोन्ही बाजूंनी उतरते आणि दोन पाकळ्या पकडते. मध्यम घट्ट स्क्रूला एवढे पुरते. खुंटी ठोकून मोडण्याचीही पद्धत आहे, पण मोडलेला तुकडा स्विचच्या पोटात पडला तर एका अडचणीच्या जागी दोन होतात.

त्रिकोणी, पंचकोनी किंवा अन्य कोणत्याही विलक्षण डोक्यासाठी हत्यार नव्याने घडवावे लागते, आणि तेथे पोलादाचे ज्ञान हवे. जुना स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन-की हे उत्तम कच्चे द्रव्य. प्रथम त्याचे टोक कोळशावर लाल करून राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावे. पोलाद मऊ होते व कानस लागते. हवा तो आकार घासून झाल्यावर टोक पुन्हा पिकल्या चेरीसारखे लाल करावे आणि तेलात बुडवावे. आपल्या लोहारांच्या भाषेत याला पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतात, मग ते तेल का असेना. तलवारीचे पाणी हा शब्दप्रयोग ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकाला ही क्रिया अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढ्यावर थांबल्यास मात्र टोक काचेसारखे ठिसूळ राहते आणि पहिल्याच पिळाला त्याचा टवका उडतो. म्हणून पाणी दिलेले टोक पॉलिश-कागदाने लखलखीत करावे आणि टोकाच्या मागचा दांडा हळूहळू तापवावा. उष्णता पुढे सरकते तसे रंग धावत येतात. प्रथम फिकट गवती, सुमारे २३० अंश सेल्सिअस; मग तपकिरी; २७० ते २८० अंशांच्या आसपास जांभळा; आणि ३०० च्या जवळ निळा. गवती रंगावर थांबविलेले हत्यार कठीण, पण पिळाला भंगुर. स्क्रूड्रायव्हरसारख्या हत्याराला जांभळा ते निळा यांच्या दरम्यानचा रंग टोकाशी पोहोचताच ते पाण्यात बुडवावे. हे काम संधिप्रकाशात किंवा सावलीत करतात, कारण भर उन्हात लाली ओळखू येत नाही. दहा-बारा वेळा केल्यावाचून ही नजर बसत नाही, आणि पुस्तकातील आकडे त्या नजरेची जागा घेऊ शकत नाहीत, हे येथे मान्य केले पाहिजे.

डिस्ट्रिब्यूटरच्या आतील बारीक स्क्रूंना वेगळीच युक्ती लागते. तेथे अडचण सोडविण्याची नसून पकडून ठेवण्याची असते. स्क्रू निसटून तळपट्टीखाली गेला तर अख्खा डिस्ट्रिब्यूटर उतरवावा लागतो. काहीजण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस लावून स्क्रू चिकटवितात. ग्रीसचा अंश संपर्कबिंदूंवर गेल्यास ते जळतात व ठिणगी मंदावते, म्हणून ही पद्धत त्याज्य समजावी. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा अर्धा इंच तुकडा स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर असा चढवावा की तो थोडा पुढे राहील. स्क्रूचे डोके त्या रबरात घट्ट बसते आणि पहिले दोन आटे लागल्यावर हत्यार अलगद मागे घेता येते.

ज्याचे डोके मुळी नाहीच असा बोल्ट

आता सर्वांत अवघड बंधकाकडे येऊ. चावी काढताच सुकाणूचा दांडा अडकून पडावा, अशी कुलपे पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी सक्तीची केली आणि पुढे ती जगभर पसरली. हे कुलूप सुकाणूच्या दांड्याभोवती दोन बोल्टांनी आवळलेले असते. बोल्ट कारखान्यात येतो तेव्हा त्याला षट्कोनी डोके असते, पण डोक्याखालची मान मुद्दाम बारीक ठेवलेली असते. ठरावीक जोर लागताच मान तुटते, षट्कोन हातात येतो आणि जागेवर राहतो तो केवळ गुळगुळीत गोल घुमट. पाना लावण्यास काहीच उरत नाही. या बोल्टाला मराठीत रूढ शब्द नाही. ‘तुटडोक्या बोल्ट’ हा शब्द येथे योजिला आहे. कारागिरांनी याहून चांगला शब्द रूढ केल्यास तो आनंदाने स्वीकारावा.

कुलपाचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असते. तो धातू ३८० अंशांच्या सुमारास वितळू लागतो. म्हणून अडलेला बोल्ट ज्योतीने तापवून सैल करण्याची नेहमीची रीत येथे घातक ठरते. पोलादी बोल्ट ढिम्म हलत नाही आणि भोवतालचे कुलूप मात्र पाघळते. दुसरी मर्यादा सुकाणूच्या दांड्याची. अपघातात आत चेपला जावा अशा रचनेचे दांडे आधुनिक गाड्यांत असतात, व जोराच्या घावाने त्यांना बाक येऊ शकतो. तेव्हा मोठी हातोडी दूर ठेवावी.

पहिला प्रयत्न टोकदार पंचाने करावा. घुमटाच्या कडेजवळ एक खड्डा पाडावा आणि त्या खड्ड्यात पंच तिरपा धरून घड्याळाच्या उलट दिशेने हलके, परंतु कोरडे ठोके द्यावेत. जपानी गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकाही हीच रीत सांगतात. पंचाला जागा नसेल तर हॅक्सॉचे मोडके पाते चिंधीत गुंडाळून त्याने घुमटावर आडवी खाच कापावी व रुंद स्क्रूड्रायव्हर लावावा. दोन्ही फसल्यास घुमटाच्या बरोबर मध्यावर खूण करून तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. उलट फिरणारे ड्रिल उपलब्ध असेल तर कित्येकदा भोक पाडतानाच बोल्ट बाहेर येऊ लागतो. ते नसल्यास मोडक्या कानशीचे शेपूट चौकोनी निमुळते घासून भोकात हलके ठोकावे आणि पान्याने उलट पिळावे. कानशीचे शेपूट मऊ ठेवलेले असते म्हणून ते चालते. कानशीचा दातेरी भाग मात्र कधीही ठोकू नये, त्याच्या कपच्या डोळ्यांपर्यंत उडतात. चष्म्यावाचून हे काम करू नये.

ज्या टॅक्सीवाल्याची गाडी अडली आहे, त्याची दिवसाची कमाई या दोन बोल्टांपाशी थांबलेली असते, आणि त्यामुळे घाई करण्याचा मोह होतो. जुन्या गाडीचे हे कुलूप पुन्हा मिळेलच असे नाही. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. अशा गाड्यांचे सुटे भाग आता दुकानांच्या तळघरांतून आणि मोडीच्या बाजारातून शोधावे लागतात. एक तास अधिक गेला तर एका तासाचीच कमाई बुडते. कुलपाचे अंग फुटले तर आठवडा जातो.

याच ठिकाणी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कारागिराने घडविलेले हत्यार आणि चोराने घडविलेले हत्यार यांच्या आकारात काडीचाही फरक नसतो. तुटडोक्या बोल्टाची निर्मितीच मुळी या विद्येला रोखण्यासाठी झाली. म्हणून अनोळखी माणसाच्या गाडीचे कुलूप उतरविण्यापूर्वी तिची नोंदणीची कागदपत्रे पाहण्याचा शिरस्ता जबाबदार कारागीर पाळतात. हे पुस्तक वाचून हत्यारे घडविणाऱ्यानेही तो पाळावा. गिऱ्हाईक रागावले तरी हरकत नाही. २००० नंतरच्या बहुसंख्य गाड्यांत चावीच्या मुठीत इलेक्ट्रॉनिक चकती असते आणि ती ओळखल्यावाचून एंजिन सुरूच होत नाही. तेथे कानस व पंच यांची मात्रा चालत नाही.

जुना बोल्ट निघाल्यावर त्याच्या जागी साधा षट्कोनी बोल्ट लावून मोकळे होण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि ती निषिद्ध मानली पाहिजे. चोराची सोय होते हे एक कारण, परंतु त्याहून मोठे कारण वेगळे आहे. तुटडोक्या बोल्टाची मान ठरावीक जोरालाच तुटते. म्हणजे तो किती आवळला गेला हे तो स्वतःच सांगतो. साधा बोल्ट कमी आवळला गेला तर कुलूप दांड्यावर सरकू शकते, आणि गाडी धावत असताना सुकाणू अडकण्याचा संभव उत्पन्न होतो. नवे तुटडोके बोल्ट फार महाग नसतात. ते आणून ठेवल्यावाचून जुने काढूच नयेत.

बसविताना क्रमही पाळावा लागतो. प्रथम सर्व भुकटी व कापलेले कण ब्रशने आणि लोहचुंबकाने टिपून घ्यावेत. जस्ताचे कण चुंबकाला लागत नाहीत, ते फुंकून किंवा चिकटपट्टीने काढावे लागतात. हे कण स्विचच्या टोकांमध्ये राहिल्यास तारा जळतात. मग कुलूप दांड्यावर बसवून बोल्ट हातानेच आवळावेत, चावी काढून सुकाणू दोन्ही बाजूंना फिरवावे आणि खुंटी दांड्याच्या खाचेत नीट पडते काय ते पाहावे. चावी घातल्यावर ती पूर्ण बाहेर येते काय, तेही दहा-बारा वेळा पाहावे. या खात्रीनंतरच दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळीत न्यावेत. मान तुटण्याचा आवाज बारीक, पण स्पष्ट असतो. त्यानंतर बॅटरीची तार जोडावी, एंजिन सुरू करावे आणि गाडी जागेवरच उभी ठेवून सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून पाहावे. कोठेही अटकाव जाणवला तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.